हातवळण

सामानाचा टेम्पो आदल्या दिवशीच देवरुखच्या वाटेला लागला होता. आता दाराशी फक्त गाडी उभी होती आणि तिच्या उजव्या सीटवर मंजूषा देगलूरकर बसली होती. एवढ्याशा गोष्टीने नांदेडच्या त्या गल्लीत भल्या सकाळी तिघे अस्वस्थ झाले.

पहिला तिचा मुलगा निहार. आईचं बिऱ्हाड हलवायला तो हैदराबादहून आला होता आणि हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन डाव्या दाराशी खोळंबला होता. दुसऱ्या, शेजारच्या कदमकाकू, निरोपाचं दही घेऊन आलेल्या. तिसरी अस्वस्थ होती ती खुद्द गाडी. यंत्राला अस्वस्थ म्हणू नये हे खरं, पण तिने तोच प्रश्न तीनदा विचारला होता.

"चालकाच्या सीटवर वजन आहे. हात बदलायचा आहे का?"

"हो म्हणून सांगितलं ना," मंजूषा म्हणाली.

"बाई, एवढ्या लांब जायलाव," कदमकाकू खिडकीतून वाकून म्हणाल्या, "साहेबांचा हात हाय की गाडीला. तुमी कशाला जिवाला त्रास करून घ्यायलाव?"

मंजूषाने दही खाल्लं आणि काकूंच्या हातावर हात ठेवला. निहार डावीकडे येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्या डाव्या हाताला बसत होता.

ही हाताची भानगड काय आहे ते आधी सांगायला हवं.

बिनचालकाच्या गाड्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाहतुकीचे नियम शिकवलेले होते. नियम पाळणाऱ्याचं आपल्या रस्त्यावर जे होतं तेच त्यांचं झालं. कुणीतरी वाट देईल या आशेवर त्या चौकात उभ्या राहायच्या आणि संध्याकाळपर्यंत उभ्याच असायच्या. मग संशोधकांच्या डोक्यात प्रकाश पडला की इथला माणूस नियमाने गाडी चालवत नाही, सवयीने चालवतो. ब्रेकवर पाय किती आधी जातो, पुढच्या रिक्षाच्या चाकाकडे नजर कधी वळते, स्टिअरिंग धरलेला हात क्षणाक्षणाला केसभर इकडेतिकडे कसा होतो, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि जन्मभर फारसं बदलत नाही. वर्षभर या सवयी टिपत गेलं की त्यांचं एक जाळं तयार होतं. खाली सुरक्षेचा पक्का थर आणि त्याच्यावर हे सवयींचं जाळं, अशी मांडणी केली की गाडी त्या माणसासारखी चालते, त्या माणसाशिवाय. समोरच्यालाही अंदाज येतो की हा थांबणारा आहे की घुसणारा, आणि अपघात खरोखरच कमी झाले. कंपन्यांनी याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. लोकांनी हातवळण म्हटलं आणि तेच रुळलं.

एका गाडीचं हातवळण दुसरीत घालता येत नाही. ते त्याच गाडीच्या कॅमेऱ्यांबरोबर आणि ब्रेकच्या झिजेबरोबर वाढलेलं असतं. दुसरीकडे बसवलं तर दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखी गत होते. कायदाही रोखठोक होता. एक गाडी, एक हात, आणि माणूस गेला की त्याचा हात पुसायचा. पुढे बऱ्याच म्हाताऱ्या विधवा अडून बसल्या की आम्हाला दवाखान्यात कोण नेणार, तेव्हा एक सवलत निघाली. जोडीदाराला स्वतःला गाडी चालवता येत नसेल तर गेलेल्या माणसाचा हात चालू ठेवता येतो. वर्षातून एकदा गाडी विचारते, "आपण स्वतः गाडी चालवता का?" नाही म्हटलं की आणखी एक वर्ष. हो म्हणायचं असेल तर सपाट रस्ता, गर्दी आणि घाट, तिन्ही एका दिवसात चालवून दाखवायचे. मग जुना हात जातो आणि नवा धरला जातो. गेलेला परत येत नाही.

गिरीशराव देगलूरकर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मंजूषा तीनदा नाही म्हणाली होती. त्यातली पहिली दोन नाही खरी होती. तिसरं मात्र सपशेल खोटं होतं, कारण मधल्या काळात ती कुणाला न सांगता गाडीच्या क्लासला जाऊन लायसन्स घेऊन आली होती. ते खोटं वर्षभर तिच्या घशात अडकून होतं. आता चौथ्यांदा विचारायची वेळ आली होती, आणि नांदेड ते देवरुख या रस्त्यावर सपाट, गर्दी आणि घाट तिन्ही होते. बिऱ्हाड हलवायचा दिवस तिने उगाच निवडला नव्हता.

लोहा मागे पडलं. निहार म्हणाला, "आई, एक विचारू? तू आजच का हे?"

"आजच घाट आहे म्हणून."

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू पुसणार."

"पुसणार नाही रे. मी चालवते एवढंच सांगणार. खरं तेच सांगणार."

"एकच झालं ते."

एकच होतं, हे तिलाही माहीत होतं. निहारचं दुःख खोटं नव्हतं. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा तो हैदराबादहून निघाला, पण पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून तो दर सुट्टीला यायचा, मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, आई, कुठंतरी जाऊन येऊ. गाडी गतिरोधकाच्या कितीतरी आधी हळू व्हायची, वळणावर किंचित बाहेरून जायची, आणि निहारला वाटायचं पुढे बाबाच बसलेत. मंजूषाला त्याचं वाईट वाटायचं. पण त्याच्या सुट्ट्या वर्षातून दोन, आणि तिला ती गाडी रोज होती.

"तुला नवी घेऊन देतो," निहार म्हणाला. "ही अशीच राहू दे."

"चालवता येत नाही असं सांगूनच ही अशी राहते. नवी चालवायला लागले की हिचीही सवलत गेली."

"मग नको ना चालवू," तो पटकन बोलून गेला, आणि बोलल्यावर खिडकीबाहेर बघू लागला.

तिने वेग थोडा वाढवला.

औशाच्या पुढे एक टपरी दिसली तशी तिने गाडी बाजूला घेतली. गिरीशरावांच्या हातून हे घडणं शक्यच नव्हतं. सोलापूरच्या आधी थांबायचं नाही, हा त्यांचा दंडक होता, आणि तो दंडक पाळायचा तर बाईमाणसाने काय करायचं हे त्यांना कधी सुचलं नाही. मंजूषा प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायची नाही. सगळ्या संसारभर, सगळ्या बदल्यांच्या गावांना जाताना आणि येताना, ती कोरड्या घशाने त्यांच्या डाव्या हाताला बसलेली होती. तिने बाटली उघडली आणि उभ्या उभ्या सगळी संपवली.

चहा सांगून ती टपरीमागच्या स्वच्छतागृहाकडे निघाली. निहार पाय मोकळे करत होता. गाडी रिकामी होती, आणि रिकामी गाडी आपोआप जुन्या हाताकडे जाते. दोनेक मिनिटं झाली आणि गाडीने हॉर्न दिला. मोठा नाही. एकच, बारीक, पों.

मंजूषा जागच्या जागी थांबली. निहार हसला, मग त्याचे डोळे भरले. "बाबा," तो म्हणाला.

"हो ना. बाबाच," मंजूषा म्हणाली. "मी उतरले की दोन मिनिटांत वाजवायचेच. सोलापूरला वाजवला, बीडला वाजवला, तुझ्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हासुद्धा वाजवला. तुला त्यात बाबा ऐकू येतात. मला घाई ऐकू येते. मरून गेला माणूस, घाई काही गेली नाही."

ती मुद्दाम सावकाश जाऊन आली. चहा बशीत ओतून प्यायली. गाडीने आणखी दोनदा पों केलं, आणि टपरीवाल्याने एकदा गाडीकडे नि एकदा तिच्याकडे पाहिलं.

सोलापूरला वळसा घालून जाणारा रस्ता होता. तिने तो सोडला आणि गाडी गावात घातली.

"आई, बायपास होता."

"माहीत आहे."

पुढचा तास काही तिच्या लौकिकात भर घालणारा नव्हता. एका चौकात ती सगळ्यांना वाट देत बसली आणि मागे हॉर्नची जत्रा भरली. रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "ओ मावशी, गाडीचं गाडीला करू द्या की. तुमी कशाला हात लावता?" पुढे एका केळ्यांच्या गाड्याला तिने आरसा घासला. केळीवाला भला माणूस, त्याने नुसती मान हलवली. आरशावर पांढरा ओरखडा उठला. जरा कुठे ती अडखळली की गाडीचा आवाज नम्रपणे विचारायचा, "चालवू का?" आणि ती म्हणायची, "नको."

"बाबांच्या हातून कधी एवढासा ओरखडा नाही आला," निहार म्हणाला.

"पहिल्या वर्षी दोनदा बंपर गेला होता. तू जन्माला यायचा होतास. तेव्हा त्यांना कुणी म्हटलं नाही, की तुमच्या हाताला गाडी यायची नाही."

हे वाक्य गिरीशरावांचं होतं. लग्नानंतर एकदा तिने विचारलं होतं, मी शिकू का? ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, तुझ्या हाताला गाडी यायची नाही. रागाने नव्हे, चहात साखर कमी आहे म्हणावं तसे. आणि हा हात कुणाचा, तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये तान्ह्या पोरांची शीर पहिल्या टोचणीत शोधणाऱ्या बाईचा. दर बदलीला तिने एक लॅब सोडली, नव्या गावात दुसरी शोधली आणि तीही सोडली. शेवटी शोधायचं सोडलं. आता तिच्या वर्गातली फरीदा मुकादम देवरुखला स्वतःची लॅब चालवत होती आणि म्हणाली होती, ये, मला भागीदार हवीय, तुझ्यासारखा हात हवाय. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला, जुन्या साडीत गुंडाळलेला मायक्रोस्कोप तिकडेच चालला होता. त्याच्या शेजारी गवती चहाची कुंडी होती.

मंगळवेढ्याला जेवून निघाल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारीची हिरवीगार रानं लागली आणि तिचे डोळे जड झाले. निहारने ते पाहिलं.

"आई, थोडा वेळ इकडे ये. झोप. मिरजेपर्यंत बाबा नेतील." तिच्या नजरेतला संशय ओळखून तो म्हणाला, "तुझं चालवलेलं कुठे जात नाही. दिवसभरात मध्ये विश्रांती घेतलेली चालते, मी वाचलंय. झोपेत चालवून मरायचंय का आपल्याला?"

हे खरं होतं. तिने जागा बदलली. निहार उजवीकडे बसला, हात मांडीवर ठेवून. गाडीने रस्ता धरला तो गिरीशरावांचा, मध्यरेषेपासून हातभर आत, संथ आणि ठाम. मंजूषाला ती चाल पाठ होती. सीट मागे न घेताच तिला झोप लागली.

ती जागी झाली तेव्हा ऊन कललं होतं आणि निहार तिच्याकडे बघत होता. वेगळ्याच नजरेने.

"काय झालं?"

"तुला माहीत होतं, तू झोपलीस की गाडी हळू होते ते?"

"म्हणजे?"

"नव्वदने चालली होती. तुझा डोळा लागला आणि साठवर आली. मला वाटलं रस्ता खराब असेल. रस्ता एकदम मोकळा होता. सांगोल्यापासून साठ. आता तू डोळे उघडलेस, बघ."

तिने समोर पाहिलं. आकडा चढत होता. सत्तर, ऐंशी, नव्वद.

"मी दर सुट्टीला मागे डोळे मिटून बसायचो," निहार म्हणाला. "माझ्यासाठी नाही होत. फक्त या सीटवर तू असलीस तर."

मंजूषाने डोळे मिटले. गाडीने वेग कमी केल्याचं आधी तिच्या पाठीला कळलं, झटका नाही, हिसका नाही, खड्डे चुकवत जाणारी अगदी अलगद चाल. तिने एक डोळा उघडला. गाडीला फसवलं गेल्याचं कळलं नाही, ती थोडा वेळ साठनेच चालली. मग दोन्ही डोळे उघडले आणि आकडा पुन्हा चढला. तिने परत मिटले. लहान पोरीसारखं तिने ते चार-पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी गिरीशराव हळू झाले.

तीस-बत्तीस वर्षं शेजारी बसून तिला हे कधी कळलं नव्हतं. कळणार तरी कसं, ती झोपलेली असायची. तिच्या मनात आलं, कसा हा माणूस होता, आणि त्या क्षणी ती त्यांच्यावर लग्नाच्या पहिल्या वर्षी होती तितकी लुब्ध झाली.

"आता तरी," निहार हळूच म्हणाला. "आता तरी नको ना पुसू, आई. हे कुठे मिळणार आहे परत?"

मिरज आलं, उसाच्या ट्रॉल्या लागल्या, गाडी एकेकीला ओलांडत राहिली. आणि ट्रॉली ओलांडता ओलांडताच तिला दुसरी एक गोष्ट आठवली, आणि आठवली तशी ती सीटवर ताठ बसली.

"उशीर," ती म्हणाली.

"काय?"

"दर वेळी आपण उशिरा पोचायचो. दर वेळी. लग्नाला अक्षता पडून गेलेल्या, बारशाला पाळणा म्हणून झालेला. आणि दारात उतरल्याबरोबर सगळ्यांसमोर तुझे बाबा काय म्हणायचे आठवतंय? हिच्या चहामुळे उशीर झाला. माझा चहा किती, तर सोलापूरला एक, तोही हॉर्न ऐकत घोटलेला. सगळ्या देगलूरकरांत माझं नाव होतं, मंजूला घेऊन निघालं की वेळेवर पोचणं नाही. मी स्वतः मानत आले की माझ्यामुळेच होतो." ती आता रडत होती आणि हसतही होती. "उशीर यांनी केला. माझ्या झोपेसाठी केला. आणि बिल फाडलं माझ्या चहावर."

निहारलाही हसू आलं. ते त्याने गिळलं.

"त्यांना सांगता आलं नसेल, आई. काही माणसांना नाही येत."

"नसेल आलं. मी कुठे म्हणते वाईट होते? झोपलेल्या बाईला फार जपलं त्यांनी. पण जागी होती तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. आणि मी अजून बरीच वर्षं जागी राहणार आहे, निहार."

तिने गाडीला थांबायला सांगितलं. गाडी थांबली, गिरीशरावांच्या पद्धतीने, सांगितल्या जागेच्या बरीच पुढे. ती उतरली, पुढून वळसा घालून आली आणि उजवं दार उघडून उभी राहिली. निहार क्षणभर हलला नाही. मग निमूट डावीकडे सरकला.

कोल्हापूर गेलं, मलकापूर गेलं, हवेत गारवा आला. आंबा गावानंतर रस्ता एकाएकी खाली वळला आणि उजवीकडे दरी उघडली. मंजूषाने आजवर हा घाट नुसता ऐकलेला होता. पहिल्याच वळणावर गाडी म्हणाली, "चालवू का?"

"नको."

तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढत आला. जुना ट्रक, आत खराखुरा माणूस. दरड काढायचं काम चालू असल्यामुळे रस्ता अर्धाच होता. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा रिवाज. म्हणजे तिला मागे जायचं होतं, वळणावरून, चढावर, उलटं. ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून तिला खूण केली, सावकाश, मागे.

"आई, बाबांना दे," निहार म्हणाला. त्याच्या आवाजात आता हट्ट नव्हता, भीती होती. "एवढंच दे. मग परत तू घे."

"चालवू का?" गाडीने विचारलं.

एवढं दिलं असतं तर घाट तिचा झाला नसता, हे तिघांनाही माहीत होतं. मंजूषाने मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं. तिथे लाल-हिरव्या रेघा एकमेकींत घुसत होत्या आणि तिला त्यातलं काही कळेना. मग तिने पडद्याकडे बघणं सोडलं. शीर सापडत नाही तेव्हा ती असंच करायची. पोर रडतंय, आई रडतेय, दिव्याच्या उजेडात हात पांढराफटक दिसतोय. अशा वेळी डोळ्यांनी शोधायचं नाही, बोटाने शोधायचं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि थांबायचं. तिने मान वळवून मागची काच पाहिली, रिव्हर्स टाकून स्टिअरिंगवरची पकड सैल केली आणि ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला. गाडी बोटभर मागे गेली. आणखी हातभर. चाकाखाली खडी वाजली तशी ती थांबली, स्टिअरिंग किंचित वळवलं, पुन्हा मागे. वळणावरचा बाकदार भाग तिला पाठीतून जाणवला. दरीकडची बाजू ट्रकला मोकळी झाली आणि ती डोंगराला चिकटून उभी राहिली.

ट्रक धापा टाकत शेजारून गेला. जाताना ट्रकवाला ओरडला, "झकास, वैनी."

निहारने श्वास सोडला. त्याने मघापासून दाराची कडी धरलेला हात खाली आणला. बाकीचा घाट ती एकेक वळण घेत उतरली. दोन वळणं वाईट घेतली, एक फार चांगलं घेतलं. खाली आली तेव्हा तिची मान दुखत होती आणि तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

साखरप्याला एका हॉटेलच्या कडेला तिने गाडी लावली. इथून देवरुख जवळच. अजून उजेड होता. तिने हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"आजच्या दिवसात सपाट रस्ता, गर्दी आणि घाट पूर्ण झाले आहेत," गाडी म्हणाली. मग तिने तो वर्षाचा प्रश्न विचारला, तसाच, त्याच आवाजात. "आपण स्वतः गाडी चालवता का?"

निहार समोर बघत होता. त्याने नको म्हटलं नाही. म्हणू नये असं त्याने ठरवलेलं दिसत होतं, आणि ते ठरवणं त्याला जड जात होतं.

मंजूषाला गिरीशराव आठवले. हॉर्न वाजवणारे आठवले, आणि कधी न पाहिलेले, मोकळ्या रस्त्यावर शेजारी झोपलेल्या बायकोसाठी साठने जाणारेही आठवले. तुम्ही जागेपणी एकदा तरी हळू झाला असतात तर, असं ती मनातल्या मनात त्यांना म्हणाली. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. रडत रडतच, पण स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "हो. मी चालवते."

"नोंद झाली," गाडी म्हणाली. एवढंच.

ती उतरली, हॉटेलबाहेरच्या नळावर तोंड धुतलं, ओंजळीने पोटभर पाणी प्यायली आणि बाकड्यावर बसली. हॉटेलवालीने विचारलं, "च्याय द्यावं?" ती म्हणाली, द्या. निहार गाडीतच बसून होता.

चहा आला. तिने बशीत ओतला, फुंकर घातली. मग तिच्या लक्षात आलं की आपले कान गाडीकडे लागलेत. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार. ती वाट बघत राहिली. हॉर्न वाजला नाही. समोरच्या झाडावर साळुंक्या कलकलत होत्या, एक एसटी येऊन गेली, आणि गाडी आपली मुकाट उभी होती.

काचेतून तिला निहार दिसला. तो डावीकडून वाकला आणि त्याचा हात स्टिअरिंगच्या मधोमध गेला, हॉर्नवर. मंजूषा बशी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तो हात तिथे थोडा वेळ टेकून राहिला, दाबला गेला नाही. मग दार उघडलं आणि तो चालत आला. डोळे लाल झाले होते. तो तिच्या शेजारी बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "मला पण सांग एक."

"अजून एक करा," मंजूषाने हॉटेलवालीला सांगितलं. "आणि चांगला उकळू द्या. आम्हाला घाई नाही."